आधी वाट विचारा, मग उत्तर

समजा, चौथीतल्या एका मुलाची वही तुमच्यासमोर आहे. उदाहरण आहे ४३ वजा २७ आणि मुलानं उत्तर लिहिलंय २४. आपण काय करतो? लाल फुली मारतो, शेजारी १६ लिहितो आणि पुढची वही उघडतो. घरी असलो तर "लक्ष कुठं असतं तुझं?" हेही वरून ऐकवतो.

पण जरा थांबून त्यालाच विचारा, "हे कसं काढलंस?" तो सांगेल, "तीनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून तीन काढले. राहिले चार. चारातून दोन गेले, राहिले दोन." म्हणजे त्यानं डोकं चालवलेलं आहे. लहानातून मोठं वजा होत नाही, असं त्याला पूर्वी कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते त्यानं इमानानं पाळलं. ही चूक नियमानं झालेली आहे, म्हणून ती फुलीनं जात नाही. उद्या ६२ वजा ३८ दिलं, तर तो तितक्याच विश्वासानं ३६ लिहील.

आता याच मुलाला आठवडी बाजारात घरच्या भाजीच्या दुकानावर बसवा. गिऱ्हाइकानं २७ रुपयांची भाजी घेतली आणि ५० ची नोट पुढे केली. मूल पैसे परत देताना मोजतं, "सत्तावीस, हे तीन झाले तीस, आणि हे वीस, झाले पन्नास." २३ रुपये बरोबर परत गेले. कागद नाही, पेन नाही, दशक उसना घेणं नाही.

एकाच डोक्यात ही दोन गणितं राहतात आणि त्यांची एकमेकांशी ओळखच झालेली नसते. ती करून देणं हे आपलं, म्हणजे वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतल्या पालकांचं आणि शिक्षकांचं काम आहे. त्यासाठी लागणारं पहिलं साधन फुकट आहे. "हे कसं काढलंस?" एवढा एक प्रश्न.

बाजार एकीकडे, वही दुसरीकडे

हा अनुभव आपल्याच गावचा नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास टेरेझिन्हा कॅराहर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. बाजारात विचारलेले हिशेब या मुलांनी शंभरात सुमारे ९८ वेळा बरोबर केले. त्याच प्रकारची उदाहरणं नुसत्या आकड्यांत कागदावर मांडून दिली, तेव्हा हे प्रमाण ३७ वर आलं. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचाही असाच अभ्यास झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा तो शोधनिबंध २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. त्यात उलट बाजूही दिसली. वहीतली उदाहरणं जमणारी शाळकरी मुलं बाजारातल्या साध्या हिशेबाला अडखळत होती.

म्हणून "बाजारात कळतं, मग शाळा कशाला?" हा निष्कर्ष काढू नका. बाजाराची रीत छोट्या आकड्यांना पुरते. शेकडेवारी, व्याज, बीजगणित यांना लेखी रीत लागतेच. तेव्हा मुलाची रीत आधी ऐका आणि पुस्तकातली रीत तिच्या शेजारी मांडा. दोन्ही वाटा एकाच गावाला जातात हे मुलाला स्वतः दिसू द्या.

अडतं नेमकं कुठं?

"याला गणित जमत नाही" हे निदान नव्हे. पेशंटला "तुमची तब्येत बरी नाही" एवढंच सांगणाऱ्या डॉक्टरसारखं ते आहे. नेमकी जागा शोधावी लागते. प्राथमिकच्या मुलांत ती बहुधा या चारपैकी एक असते.

पहिली जागा म्हणजे संख्यांची नावं. 'पस्तीस' म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो आणि तीस नंतर. लिहिताना मात्र तीन आधी. कानानं ऐकलं तसं लिहिणारं मूल ५३ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली आणि राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांनी आणि उलट्या उच्चारांनी अडणाऱ्या मुलांची बाजू मांडली होती. पद्धत कोणती बरी हा वाद बाजूला ठेवा, पण त्यांनी दाखवलेली अडचण खरी आहे.

उपाय शेताच्या बांधावर पडलेला आहे. तुरीच्या हंगामानंतर तुराट्या हव्या तितक्या मिळतात. बोटभर लांबीचे तुकडे करा आणि दहा-दहाचे गठ्ठे बांधा. पस्तीस म्हणजे तीन गठ्ठे, पाच सुट्या. आता ४३ मधून २७ काढायला सांगा. चार गठ्ठे आणि तीन सुट्या आहेत, सात सुट्या द्यायच्या आहेत, पण हातात तीनच. मूल क्षणभर थांबतं आणि स्वतःच एक गठ्ठा सोडतं. दशक सोडवणं म्हणजे काय, हे त्याच्या बोटांना कळलं. दोन-चार दिवस असं करून झालं की मग तीच कृती पाटीवर लिहा. आधी हात, मग आकडा.

दुसरी जागा शून्याची. 'तीनशे पाच' लिहायला सांगितलं की ३००५ येतं, कारण मूल ऐकल्याप्रमाणे आधी ३०० आणि मग ५ लिहितं. खेळातल्या शंभराच्या, दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी यांसाठी तीन खण आखा. दहाचा खण रिकामा राहिला, तर तिथं 'इथं काही नाही' हे सांगणारा कुणीतरी बसायला हवा. तो म्हणजे शून्य.

तिसरी जागा अपूर्णांकांची. खरं तर इथं मराठी मूल श्रीमंत आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यात आहेत. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असायची. दीड किलो साखर आणणारं पोर ३/२ पाहून घाबरतं, कारण ती एकाच वस्तूची दोन नावं आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आजीला पायली, अधोली, शेर विचारायला सांगा. कशात काय किती मावतं याचा तक्ता मुलानं स्वतः बनवावा. आणि १/२ अधिक १/३ बरोबर २/५ असं लिहिलं, तर फुली मारू नका. अर्धी भाकर ताटात ठेवा, तिसरा हिस्सा वर वाढा आणि विचारा, "आता अर्ध्यापेक्षा जास्त झाली की कमी?" दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहून कमी. वाढल्यावर भाकर कमी कशी झाली? चूक मुलालाच सापडते, आणि स्वतः पकडलेली चूक पुन्हा सहसा होत नाही.

चौथी जागा भाषेची. शाब्दिक उदाहरणात मुलं आकडे उचलतात आणि खुणेचा शब्द शोधतात. 'एकूण' आलं की बेरीज, 'उरले' आलं की वजाबाकी. मग हे देऊन बघा : 'मीनानं ५ बोरं वाटली, तिच्याकडे ८ उरली, तर आधी किती होती?' 'उरली' पाहून कितीतरी मुलं ३ लिहितील. मानोरा, मंगरुळपीर भागातल्या तांड्यांवर मूल घरी गोरमाटी बोलतं, इतर गावांत वऱ्हाडी. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. अशा वेळी उदाहरण सोडवण्याआधी मुलाला ते आपल्या घरच्या बोलीत गोष्टीसारखं सांगू द्या, चित्र काढू द्या, आकडे झाकून नुसती हकिगत विचारा. गोष्ट कळली की क्रिया आपोआप सुचते. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ च्या 'हाऊ टू सॉल्व्ह इट' या पुस्तकात उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. त्यांतली पहिली पायरी आकडेमोडीची नाही, प्रश्न समजून घेण्याची आहे; आणि शेवटची आहे मागे वळून पाहण्याची.

मोठ्या वर्गातली अडचण बहुधा मागे राहिलेली असते. दहावीच्या परीक्षेत बीजगणित आणि भूमिती असे ४०-४० गुणांचे दोन पेपर असतात. बीजगणितात अडलेल्या मुलाची वही नीट पाहिली, तर समीकरण त्याला समजलेलं असतं. पाय घसरतो तो अपूर्णांकात नाहीतर ऋण चिन्हात. त्याला दहावीची पन्नास उदाहरणं देण्याआधी पंधरा दिवस सहावी-सातवीत परत न्या. ऋण संख्येसाठी विहीर बघायला न्या. जमिनीची पातळी शून्य, पाणी त्याखाली १२ मीटर म्हणजे उणे १२. पावसानं ५ मीटर चढलं, आता किती? उणे १२ अधिक ५ बरोबर उणे ७. भूमितीत कागदाचा त्रिकोण कापा, तिन्ही कोपरे फाडून शेजारी शेजारी लावा. सरळ रेषा होते. सिद्धता लिहिण्याआधी अशी खात्री पटलेली असली की सिद्धता पाठ करावी लागत नाही.

काही थोड्या मुलांना इतके उपाय करूनही संख्येचा अंदाजच येत नाही. ही अध्ययन-अक्षमता असू शकते, आळस नव्हे. शाळेमार्फत तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. अशा विद्यार्थ्यांना मंडळाच्या परीक्षेत सवलती मिळतात.

गावच प्रयोगशाळा

अडचण सोडवायला असो की सर्जनशीलता वाढवायला, महागडं साहित्य लागत नाही. आपल्या भागात जे पिकतं, मोजलं आणि विकलं जातं, त्यातच भरपूर गणित आहे.

गुंठा घ्या. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. शाळेच्या मैदानावर दोरीनं तो आखा आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर, हे मुलांना काढू द्या : ४३,५६० चौरस फूट. मग प्रश्न टाका. २४ मीटर तार आहे. तिनं चौकोनी वाफा घेरायचा, तर कोणत्या आकारात जागा जास्त मिळेल? ११ बाय १ चा वाफा ११ चौरस मीटरचा, ८ बाय ४ चा ३२ चा, ६ बाय ६ चा ३६ चा. तार तेवढीच, जमीन मात्र तिपटीहून जास्त. परिमिती आणि क्षेत्रफळ यांतला गोंधळ अशानं कायमचा सुटतो.

सोयाबीन हे तर आपल्या घरचं पीक. दोन तासांत, म्हणजे ओळींत, ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवण्याची शिफारस असते. म्हणजे एक मीटर तासात रोपं किती हवीत? वीस. जुलैत मुलांना मीटरपट्टी देऊन शेतात पाठवा. दहा वेगवेगळ्या जागी रोपं मोजायची, सरासरी काढायची, शिफारशीशी ताडून बघायची. उगवण चांगली झाली की विरळ, हे सहावीतली मुलगी बापाला आकड्यानिशी सांगू शकते. त्या दिवशी सरासरी हा धडा राहत नाही.

पाऊस घ्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. वीस चौरस मीटरच्या टिनाच्या छतावर २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर ५०० लिटर. आपल्या शाळेच्या छतावरून पावसाळाभरात किती पाणी वाहून जातं, हा हिशेब वर्गानं काढावा आणि ग्रामसभेत मांडावा.

आणि सावली घ्या, पण त्याआधी एक जुनी गोष्ट. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. भास्कराचार्यांनी ११८३ च्या सुमाराच्या 'करणकुतूहल' या ग्रंथात पृथ्वीच्या मध्यरेषेवरची ठिकाणं सांगितली आहेत. त्यांत उज्जैन आणि कुरुक्षेत्राबरोबर वत्सगुल्माचं नाव आहे. शहरातल्या मध्यमेश्वराच्या मंदिराशी हीच आठवण जोडलेली आहे. २०१८ पासून आपला जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे; एके काळी तो काळ मोजण्याच्या रेषेवर होता, हेही मुलांना कळू द्या.

मग मैदानात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवा. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं नोंदवा. सावली सर्वांत आखूड होते तो आपला खरा मध्यान्ह. घड्याळात तेव्हा बारा वाजलेले नसतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, वाशिम साधारण ७७ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर फरक वीस-बावीस मिनिटांचा. वर्षभरात हा क्षण आणखी थोडा मागेपुढे सरकतो. का, ते वरच्या वर्गातल्या मुलांनी शोधावं. २० मेच्या आसपास दुपारी काठीची सावली पायाशीच विरते. शाळेला तेव्हा सुट्टी असते, म्हणून हा प्रयोग घरच्या अंगणात द्या. जुलैच्या उत्तरार्धात पुन्हा तसाच दिवस येतो. ढग उघडले, तर शाळेतही दिसेल.

नवं सुचणं म्हणजे काय?

गणितात सर्जनशीलता म्हणजे रंगीत तक्ते नव्हेत. एका प्रश्नाकडे जाणारी दुसरी वाट शोधणं, आणि स्वतःचा प्रश्न तयार करणं, या त्या दोन गोष्टी.

पहिलीसाठी प्रश्न उलटा करा. '१२ गुणिले २ किती?' याचं उत्तर एकच. 'उत्तर २४ येईल अशी उदाहरणं बनवा' म्हटलं, तर एक मूल २० अधिक ४ लिहितं, दुसरं ६ गुणिले ४, तिसरं १०० वजा ७६, आणि मागच्या बाकावरचं एखादं ४८ चे निम्मे म्हणतं. कुणीच चुकत नाही आणि प्रत्येकाची उडी वेगळी. संख्यांच्या नावांतही शोध घेऊ द्या. १९, २९, ३९ या सगळ्यांच्या नावात 'एकोण' म्हणजे 'एक कमी' दडलेलं आहे. ८९ पर्यंत ते चालतं, मग ९९ ला काय होतं? जी नावं घोकताना त्रास होतो, त्यांच्यातच कोडं सापडतं.

आणखी एक उदाहरण एका मराठी शिक्षकाचं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत शिकवत. पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. संख्यांशी खेळण्याची ओढ होती. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंकांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजाबाकी करा आणि हेच पुन्हा करत राहा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. सुरुवात कुठूनही करा, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतं आणि तिथंच थांबतं. १९४९ मध्ये कापरेकरांनी मांडलेला हा स्थिरांक आज जगभर त्यांच्या नावानं ओळखला जातो. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं.

वर्गात मुलांना नियम सांगा, ६१७४ सांगू नका. तीन अंकांवर करून पाहा म्हणा. ती ४९५ वर पोचतील. दोन अंकांवर काय होतं? तिथं कुठंच थांबा नाही : ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९. सगळ्या संख्या नऊच्या पाढ्यातल्या का, हा प्रश्न मग मुलंच विचारतात. आणि त्या नादात, कुणी न सांगता, प्रत्येकानं दहा-पंधरा वजाबाक्या केलेल्या असतात. ४३ वजा २७ ला अडलेल्या आपल्या मुलाला याहून बरा सराव कोणता?

स्वतःचा प्रश्न बनवण्याला तर आठशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त भुंगे, हंस, तळ्यातलं कमळ, मोर आणि साप यांच्यावर उदाहरणं रचली, म्हणजे भोवतालचं जगच त्यांनी गणितात आणलं. दर शनिवारी प्रत्येक मुलानं आपल्या गावावर एक उदाहरण लिहावं. बैलजोडी, किराणा, एसटीचं तिकीट, आईच्या बचत गटाचं व्याज. वर्षाअखेरीस ती वही शिवा. ती तुमच्या शाळेची लीलावती.

उद्यापासून

– दिवसाला दहाच मिनिटं द्या, पण रोज द्या. रविवारी तीन तास बसवण्यानं भीती तेवढी वाढते.
– "मलाही गणित येत नव्हतं" हे मुलासमोर म्हणू नका. मुलाला ती सवलत वाटते.
– घड्याळ लावून पाढे विचारू नका. घाबरलेल्या डोक्यात भीतीच जागा अडवते, हिशेबाला जागा उरत नाही. आधी बरोबर, वेग मागून येतो.
– चुकांची वेगळी वही ठेवा. चूक, ती का झाली आणि बरोबर वाट, एवढ्या तीनच ओळी.
– बरोबर उत्तरालाही "कसं काढलंस?" विचारा. फक्त चुकल्यावर विचारलं, तर तो प्रश्न शिक्षा होतो.
– मुलगी-मुलगा असा भेद गणितात करू नका. बाजाराचा हिशेब मुलीच्याही हाती द्या.
– तुम्ही शाळा शिकला नसाल, तरी शिकवू शकता. मुलाला म्हणा, "मले समजावून सांग." समजावताना मूल जिथं अडतं, तिथंच त्याची अडचण असते.

शिक्षकांना एक विनंती. अभ्यासक्रम संपवायचा असतो, वर्ग मोठा असतो, शाळाबाह्य कामंही असतात, हे खरं आहे. प्रत्येक मुलाला रोज विचारणं शक्य नाही. पण तासाला एका मुलाला फळ्यावर बोलवा आणि त्याची रीत सगळ्यांना ऐकू द्या. महिन्याभरात जवळपास अख्खा वर्ग बोलून होतो.

आज संध्याकाळी दप्तर उघडलं की उत्तर तपासू नका. एका उदाहरणावर बोट ठेवा आणि विचारा, "हे कसं काढलंस?" मग गप्प बसा आणि ऐका.